सर रोनाल्ड रॉस आणि डांसाची जात

वैनगंगा, प्राणहिता व इंद्रावती यांच्या कांठीं पसरलेल्या, १९८२ पर्यंत एकच जिल्हा असलेल्या आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यांत हिंवताप ठाऊक नाहीं असें गांव विरळा. या रोगाचे जंतु डांसाच्या पोटांत वाढतात, ही गोष्ट आपल्या दक्षिण सीमेपलीकडील तेलंगणांत, सिकंदराबाद येथें प्रथम उघडकीस आली. ती उघडकीस आणणारे पुरुष म्हणजे डॉक्टर रोनाल्ड रॉस.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजीं अल्मोडा येथें झाला. वडील लष्करांत मोठे अधिकारी होते. मुलाचा ओढा काव्य व संगीत यांकडे; परंतु वडिलांच्या इच्छेस मान देऊन ते लंडनला वैद्यक शिकले व १८८१ सालीं हिंदुस्थानांतील सरकारी वैद्यकीय नोकरींत शिरले. हिंवतापाचे जंतु रोग्याच्या रक्तांत असतात, हें लाव्हराँ या फ्रेंच डॉक्टरांनीं १८८० मध्यें दाखविलें होतें. ते एका शरीरांतून दुसऱ्यांत कसे जातात, हें मात्र गूढच होतें. १८९४ सालीं डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांनीं रॉस यांच्या मनांत डांसाविषयींचा संशय रुजविला.

पुढें दोन वर्षें रॉस यांनीं शेंकडों डांस चिरून पाहिले. वाऱ्यानें बारीक अवयव उडून जात, म्हणून भर उकाड्यांत ते पंखा बंद ठेवीत. घामानें सूक्ष्मदर्शक यंत्राचे स्क्रूहि गंजले. तरी हातीं कांहीं लागेना. श्रम कमी नव्हते. डांसाची जातच चुकत होती. अखेर ठिपकेदार पंखांचे निराळे डांस मिळाले. हुसेन खान नांवाच्या रोग्यानें दर डांसास एक आणा घेऊन ते अंगास चावूं दिले. २० ऑगस्ट १८९७ रोजीं तशाच एका डांसाच्या जठराच्या भिंतींत रॉस यांना जंतु दिसले. पुढील वर्षीं कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिंवतापाचा अभ्यास करून, जंतु डांसाच्या लाळेवाटे पसरतात हेंहि त्यांनीं सिद्ध केलें. १९०२ मध्यें त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. १६ सप्टेंबर १९३२ रोजीं ते निवर्तले.

जातीचा प्रश्न मात्र संपला नाहीं. आपल्याकडे हिंवताप मुख्यत्वें ॲनोफिलीस क्युलिसिफेशीस व ॲनोफिलीस फ्लुव्हिएटिलिस हे डांस पसरवितात; दुसरा विशेषतः डोंगरी जंगलांतील झऱ्यांत वाढतो. या प्रत्येक नांवाखालीं हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या अनेक जाती दडलेल्या असून, कांहीं फार घातक, तर कांहींचा उपद्रव अल्पच. बाह्य रूपांत न दिसणारा हा भेद डांसाच्या आनुवंशिक लिपींत उमटलेला असतो. ॲनोफिलीस गँबिई या आफ्रिकेंतील डांसाची सुमारें २८ कोटी अक्षरांची लिपि २००२ सालीं, रॉस यांच्या पारितोषिकानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, वाचली गेली. २०१५ मध्यें क्युलिसिफेशीससह सोळा जातींच्या लिपि प्रसिद्ध झाल्या. खरा वैरी कोणता व कोणत्या फवाऱ्यास तो दाद देत नाहीं, हें ओळखण्यास या वाचनाचें साहाय्य होतें.

विद्यार्थीमित्रांनो, शत्रु नीट ओळखल्यावांचून केलेले श्रम वायां जातात, हा धडा रॉस यांना दोन वर्षांच्या अपयशानें शिकविला. आपणहि रात्रीं मच्छरदाणींत निजावें, आणि ताप येतांच त्याचें कारण तर्कानें न ठरवितां रक्त तपासून घ्यावें.