दारा शुकोह आणि उपनिषदांचा प्रवास

इ. स. २०२० च्या आरंभीं भारत सरकारच्या सांस्कृतिक खात्यानें दिल्लीस हुमायूनच्या मकबऱ्याच्या आवारांतील एक थडगें ओळखून काढण्याकरितां पुराणवस्तुशास्त्रज्ञांची समिती नेमिली, हें वृत्त कित्येक वाचकांच्या स्मरणांत असेल. त्या आवारांत मोगल घराण्यांतील शंभरावर माणसें पुरलेलीं आहेत आणि बहुतेक थडग्यांवर नांव नाहीं. ज्याचें थडगें हवें होतें त्याचें प्रेत १६५९ सालीं तेथें आणलें, तेव्हां त्यावर नांव कोरण्याची कोणाचीच छाती नव्हती. तो पुरुष म्हणजे शहाजहान बादशहाचा वडील मुलगा दारा शुकोह होय. थडगें नेमकें कोणतें याविषयीं आम्हांस फारशी उत्कंठा नाहीं. आमची तक्रार निराळी आहे. वेदान्तावरील व्याख्यान म्हटलें कीं, शोपेनहौअर या जर्मन तत्त्ववेत्त्यानें उपनिषदांस दिलेलें प्रशस्तिपत्र त्यांत वाचून दाखविलें जातेंच. तें ऐकून टाळ्याही पडतात. पण हीं उपनिषदें त्या जर्मन गृहस्थाच्या हातीं कशीं पडलीं, असा प्रश्न सभेंत उठून कोणी विचारीत नाहीं. त्याचें उत्तर त्या बेनांवाच्या थडग्याखालीं आहे.

वकिलीच्या धंद्यांत जमिनीच्या मालकीचा प्रश्न निघाला म्हणजे मूळ मालकापासून आजच्या कब्जेदारापर्यंत एकूणएक खरेदीखतें, बक्षीसपत्रें व वांटणीपत्रें आम्ही मागून घेतों. मधला एक कागद गहाळ असला तरी दावा लंगडा पडतो. विचारांच्या बाबतींत मात्र आपण पहिला कागद व शेवटला कागद दाखवून मोकळे होतों. मधल्या माणसांनीं त्या विचारांत काय घातलें, काय गाळलें आणि त्यापायीं काय किंमत दिली, हें शोधणें हाच विचारांच्या इतिहासाचा खरा व्यवसाय आहे, असें आम्ही समजतों. आणि दाराचें चरित्र त्याच दृष्टीनें सांगण्याचा आमचा हेतु आहे.

दाराचा जन्म २० मार्च १६१५ रोजीं अजमेर येथें झाला. बाकीचे भाऊ सुभ्यांवर जाऊन लढाया आणि कारस्थानें शिकत असतां याला बापानें बहुधा आपल्याजवळ दरबारांतच ठेवून घेतलें. त्याचा परिणाम असा झाला कीं, त्याला पुस्तकें मिळालीं, साधुसंतांचा सहवास मिळाला, पण माणसांची पारख करण्याचें शिक्षण मिळालें नाहीं. कादिरी पंथाचे लाहोरचे साधु मियां मीर यांच्यावर त्याची श्रद्धा होती, व त्यांचे शिष्य मुल्ला शाह यांस त्यानें व त्याची बहीण जहानआरा हिनें गुरु केलें. वयाच्या पंचविशींत, १६४० सालीं, त्यानें मुसलमान संतांच्या चरित्रांचा आपला पहिला ग्रंथ पुरा केला. त्यांत हिंदु तत्त्वज्ञानाचा वासही नाहीं. म्हणजे पुढें त्यास जें सांपडलें तें पाळण्यांत मिळालेलें नव्हतें; तें त्यानें शोधून मिळविलें, आणि त्यास पंधरासोळा वर्षें लागलीं.

१६५३ सालीं कंदाहारचा किल्ला परत घेण्याच्या मोहिमेवर बापानें त्यास पाठविलें. औरंगजेबास तो किल्ला दोनदां घेतां आला नव्हता. दारासही आला नाहीं. मोहीम फसून परत येतांना तो लाहोरास थांबला, आणि तेथें बाबालाल नांवाच्या बैराग्याशीं त्याचे अनेक दिवस प्रश्नोत्तररूपानें संवाद झाले. ते फारशींत लिहून ठेवलेले आहेत. पराभूत सेनापतीनें तोफांचा हिशेब करावयाचा, तो हा गृहस्थ आत्मा आणि परमात्मा यांचा हिशेब करीत बसला, असें त्याच्या शत्रूंनीं म्हटलें असेल तर त्यांस अगदींच दोष देतां येत नाहीं.

१६५५ त त्यानें मज्म-उल्-बहरैन, म्हणजे दोन सागरांचा संगम, या नांवाचें एक लहानसें पुस्तक लिहिलें. सूफी मत आणि वेदान्त यांच्या परिभाषा शेजारीं शेजारीं ठेवून त्या एकच आहेत असें दाखविण्याचा त्यांत प्रयत्न आहे. ब्रह्मा म्हणजे जिब्राईल, विष्णु म्हणजे मिकाईल, महेश म्हणजे इस्राफील, अशीं समीकरणें त्यांत पुष्कळ सांपडतात, आणि त्यांतलीं निम्मीं उलटतपासणींत टिकणार नाहींत. परंतु एक समीकरण मोठें अर्थपूर्ण आहे. परमेश्वराच्या स्वरूपांतून सर्वांआधीं जें प्रकट झालें तें प्रेम, आणि त्यासच हिंदुस्थानचे अद्वैतवादी माया म्हणतात, असें तो सांगतो. सूफीच्या इश्कास आणि शांकरमताच्या मायेस एका आसनावर बसविणें हें पंडिताच्या दृष्टीनें धाडसच होय. वाचकांनीं हें समीकरण ध्यानांत ठेवावें. त्याचा पुढें उपयोग आहे.

यानंतरचें कार्य सर्वांत मोठें. तौरात, जबूर, इंजील वगैरे ग्रंथ वाचूनही ईश्वराच्या एकत्वाचा खुलासेवार उलगडा त्यास होईना. कुराणांत एका गुप्त ग्रंथाचा उल्लेख आहे. तो ग्रंथ कोणता, याचा विचार करतां करतां तीं उपनिषदेंच होत, अशी त्याची खातरी झाली. येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दारा उपनिषदांकडे वळला तो इस्लाम सोडण्याकरितां नव्हे, तर कुराणाचाच अर्थ पुरता लागावा म्हणून. त्याला छुपा हिंदु ठरविणारे आपलेकडील उत्साही लोक आणि त्याला धर्मभ्रष्ट ठरविणारे त्या वेळचे मौलवी, दोघेही त्याच्या पुस्तकावर सारखाच अन्याय करतात.

त्यानें काशीचे पंडित आणि संन्यासी दिल्लीस बोलाविले, आणि १६५७ सालीं सहा महिन्यांत, यमुनेच्या कांठीं निगमबोध घाटाजवळच्या आपल्या वाड्यांत, पन्नास उपनिषदांचें फारशी भाषांतर पुरें केलें. त्यास नांव दिलें सिर्र-इ-अकबर, म्हणजे सर्वांत मोठें गूढ. मूळ वाक्यांबरोबर शंकराचार्यांच्या भाष्यांतला अर्थही जागोजाग भाषांतरांत मिसळून गेला आहे. कोठें उपनिषद् संपतें व कोठें आचार्य बोलूं लागतात, हें फारशी वाचकास कळावयास मार्ग नाहीं.

काशींत त्या काळीं ज्यांचा शब्द चालत असे त्यांत आपल्या गोदातीरावरून तेथें जाऊन राहिलेले कवींद्राचार्य सरस्वती हे प्रमुख होते. काशीप्रयागच्या यात्रेकरूंवरील कर त्यांनीं शहाजहानाकडे रदबदली करून उठवविला, आणि बादशहाप्रमाणें दाराचीही स्तुति त्यांच्या हिंदी कवितेंत आहे. हें सर्व भूषणावह खरें. परंतु ज्या विद्येचें श्रवण शूद्रांस व स्त्रियांस निषिद्ध म्हणून शतकानुशतकें सांगितलें जात होतें, ती विद्या काशीच्या शास्त्रीमंडळींनीं मोगल शाहजाद्यास पदर न् पदर उलगडून दाखविली, आणि घरच्या कुणब्यास दाखविली नाहीं, याचा अर्थ काय? शास्त्राचा निषेध यमुनेच्या कांठीं आड आला नाहीं. तो गांवच्या वेशीच्या आंत मात्र कडक राहिला. राजसत्तेपुढें वांकणारा नियम गरिबापुढें ताठ उभा राहतो, हा अनुभव आम्हांस कोर्टांतही येतो.

भाषांतर पुरें झाल्यावर थोड्याच महिन्यांत, सप्टेंबर १६५७ त, शहाजहान आजारी पडला आणि चार भावांत तख्ताचें युद्ध जुंपलें. त्याची हकीकत सर्वश्रुत आहे. एप्रिल १६५८ त धर्मातपूरची लढाई गेली, मे महिन्याच्या अखेरीस आग्र्याजवळ सामूगढास दाराचा पूर्ण मोड झाला. मग लाहोर, मुलतान, सिंध, कच्छ, गुजराथ अशी वणवण. मार्च १६५९ त अजमेरनजीक देवराई येथें पुन्हां पराभव. वाटेंत बायको नादिरा बानू हिचा मृत्यु. ज्या मलिक जीवनास त्यानें पूर्वीं बादशहाच्या शिक्षेंतून वांचविलें होतें, त्यानेंच त्याला पकडून दिलें. दिल्लीच्या रस्त्यांतून त्याची हत्तीवरून धिंड निघाली, तेव्हां लोक रडले, आणि दुसऱ्या दिवशीं मलिक जीवनावर त्यांनीं दगडमाती फेंकली. ३० आगस्ट १६५९ च्या रात्रीं दाराचा शिरच्छेद झाला. प्रतापगडामुळें १६५९ हें साल महाराष्ट्रांतील शाळकरी पोरास पाठ असतें. दाराच्या वधाचेंही सालही तेंच, हें फार थोड्यांस माहीत असतें.

खटला म्हणण्यासारखें कांहीं झालेंच नाहीं. उलेमांचा अभिप्राय घेतला, आणि धर्मत्याग हें कारण जाहीर केलें. औरंगजेबाच्या कारकीर्दीच्या अधिकृत बखरींत आरोपांची यादी आहे: ब्राह्मण, योगी व संन्यासी यांची संगत, त्यांच्या ग्रंथास ईश्वरी वाणी मानणें, अंगठीच्या रत्नांवर प्रभु हा शब्द नागरी अक्षरांत खोदविणें. खरा गुन्हा वडीलपणाचा होता. धाकट्या मुराद बक्षाचा ग्वाल्हेरीस पुढें वध झाला, त्यानें तर एकही उपनिषद् वाचलें नव्हतें. तथापि गुन्हा एक आणि आरोपपत्रांत दुसरा, असें जेव्हां घडतें तेव्हां आरोपपत्रांतील शब्दांवरून त्या काळीं लोकांस कशाची भीति घालतां येत असे हें कळतें, आणि तें इतिहासाच्या कामाचें असतें.

दारा तख्तावर आला असता तर हिंदुस्थानचें भाग्य पालटलें असतें, असें म्हणण्याचा मोह आम्हांस होत नाहीं. तो गर्विष्ठ होता, सरदारांचा पाणउतारा करी, आणि सल्ला देणारांस तुच्छ लेखी, असें त्याला भेटलेल्या बर्नियर या फ्रेंच वैद्यानेंही नमूद केलें आहे. एका राजाच्या सद्बुद्धीवर देशाचें भाग्य टांगून ठेवणें हें ज्यांस स्वराज्य हवें होतें त्यांस कधींच मान्य नव्हतें.

दारा मेला, पण पुस्तकाच्या नकला झाल्या. फैजाबादेस शुजाउद्दौल्याच्या दरबारीं असलेल्या जांतील नांवाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानें १७७५ त एक नक्कल पारीसला आंकतील द्युपेराँ याजकडे पाठविली. हा विलक्षण मनुष्य १७५५ त कंपनीच्या फौजेंत शिपाई म्हणून नांव घालून हिंदुस्थानांत आला होता. गोव्याहून घाट चढून औरंगाबादेवरून तो सुरतेस गेला, तेथें पारशी दस्तुरांपाशीं अवेस्ता शिकला, आणि साष्टींतील कान्हेरीचीं लेणींही पाहून गेला. त्यानें दाराच्या फारशीचें शब्दास शब्द ठेवून लॅटिन केलें व १८०१–०२ मध्यें स्ट्रासबुर्ग येथें दोन भागांत छापविलें. १८१४ च्या वसंतऋतूंत वायमारच्या ग्रंथालयांतून तें पुस्तक शोपेनहौअर या सव्वीस वर्षांच्या तरुणानें नेलें, आणि पुढें जन्मभर उशाशीं ठेविलें. आपल्या कुत्र्यास त्यानें आत्मा हें नांव ठेविलें होतें, हें आमचे व्याख्याते सांगत नाहींत!

आतां मायेचें समीकरण आठवावें. प्राचीन उपनिषदांत माया हा शब्द क्वचितच येतो. आचार्यांनीं त्यास सिद्धान्ताचें स्थान दिलें. दारानें ती प्रेमरूप मानली, कारण सूफीस जग हें ईश्वराच्या प्रेमाचा आविष्कार आहे. शोपेनहौअरानें तीच फसविणारा पडदा म्हणून घेतली, आणि पडद्यामागें त्यास आंधळी वासना व अखंड दुःख दिसलें. संस्कृत, फारशी, लॅटिन, जर्मन: चार घरें बदलतांना एका शब्दानें चार संसार केले. तरीही यांत कोणी लबाडी केली असें नाहीं; प्रत्येकानें आपल्या प्रश्नाचें उत्तर त्यांत शोधलें.

शोपेनहौअरचा अनुयायी पॉल डॉयसन यानें २५ फेब्रुवारी १८९३ रोजीं मुंबईस वेदान्तावर व्याख्यान दिलें, आणि १८९७ त साठ उपनिषदांचें जर्मन भाषांतर प्रसिद्ध केलें. १९१५ त निघालेल्या गीतारहस्यांत लोकमान्य टिळकांनीं डॉयसनचा आधार जागोजाग घेतला आहे आणि शोपेनहौअरच्या दुःखवादाचा समाचारही घेतला आहे. म्हणजे घरांतून गेलेला विचार अडीचशें वर्षांनीं परक्या वेषांत दारीं आला, आणि मंडालेच्या तुरुंगांत त्याची उलटतपासणी झाली.

याहून एक गोष्ट आमच्या पंडितांनीं मनावर घ्यावी अशी आहे. बाष्कल, छागलेय, आर्षेय व शौनक हीं उपनिषदें युरोपीय विद्वानांस कितीतरी काळ केवळ दाराच्या भाषांतरांतून ठाऊक होतीं. संस्कृत पोथी कोणाच्या हातीं नव्हती. अखेर मद्रासच्या अड्यार ग्रंथालयांत हस्तलिखित सांपडलें आणि पुण्याचे डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांनीं १९२५ च्या सुमारास मूळ पाठ छापला. कडीकुलपांत ठेवलेलें आपण हरवून बसलों होतों, आणि ज्यास यवन म्हटलें त्याच्या दप्तरांत त्याची नोंद होती.

दारासही एका दोषांतून आम्ही मुक्त करीत नाहीं. संगमाच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेंत तें आपण आपल्या कुटुंबीयांकरितां लिहिलें असून दोन्ही समाजांतील सामान्य जनांशीं आपणांस कर्तव्य नाहीं, अशा अर्थाचें तो लिहितो. गूढ हें त्याच्या मोठ्या ग्रंथाचें नांवच आहे. त्याच्या साडेतीनशें वर्षें अगोदर, १२९० त, नेवाशास ज्ञानेश्वरांनीं गीता बायाबापड्यांच्या भाषेंत आणली. आणि दाराच्याच शतकांत श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठींत अध्यात्म लिहीत होते. त्यांच्या ओव्या खेड्यापाड्यांत टिकल्या. दाराचें फारशी वाक्य मात्र दरबाराबरोबर लोकांच्या कानांवरून नाहींसें झालें.

दिल्लीस काश्मिरी दरवाजाजवळ दाराचें ग्रंथालय म्हणून ओळखली जाणारी इमारत अद्याप आहे. २०२३ सालीं तेथें फाळणीचें संग्रहालय उघडण्यांत आलें. २०१७ त एका रस्त्यासही दाराचें नांव मिळालें. सरकारास थडगें आणि रस्ता हीं सोपीं वाटतात, त्यांत नवल नाहीं. आमची मागणी त्याहून थोडी कठीण आहे. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या परीक्षांत संस्कृत घ्यावें कीं फारशी, हा प्रश्न घरोघर निघे. आतां दोन्ही जाणणारा एक मनुष्य शोधावयास निघालें तर जिल्हा पालथा घालावा लागेल. ज्या महाविद्यालयांत संस्कृतचा वर्ग आहे, तेथें फारशीचा एक शिक्षक नेमून सिर्र-इ-अकबर मूळ उपनिषदांशेजारीं ठेवून वाचण्याची सोय विद्यापीठांनीं करावी. आणि तोंपर्यंत आमच्या व्याख्यात्यांनीं शोपेनहौअरचें नांव घेण्यापूर्वीं दाराचें नांव घेत जावें.