सागरतळाचा जमाखर्च : सर जॉन मरे

जालना जिल्ह्यातील बहुसंख्य कुटुंबांचे वर्षाचे अंदाजपत्रक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ठरते. 1972 चा दुष्काळ येथील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आजही आहे. 2012-13 मध्ये पाण्याअभावी वाळलेल्या मोसंबीच्या बागा तर अलीकडच्याच. असे अवर्षण किती वर्षांनी येते व कितपत तीव्र होऊ शकते, हा प्रश्न या भागात थेट अर्थकारणाचा आहे. परंतु भारतीय हवामान खात्याची स्थापना 1875 सालची. पर्जन्याच्या देशव्यापी, पद्धतशीर नोंदींचे वय म्हणून दीडशे वर्षांच्या आसपासच भरते. त्यापूर्वीच्या हजारो वर्षांची नोंदवही अरबी समुद्राच्या तळाशी गाळाच्या रूपाने पडून आहे. ती वाचण्याची मुळाक्षरे ज्यांनी घालून दिली, त्यांत सर जॉन मरे यांचे स्थान अग्रभागी आहे.

मरे यांचा जन्म 1841 साली कॅनडातील कोबर्ग या गावी एका स्कॉटिश कुटुंबात झाला. सतराव्या वर्षी ते शिक्षणासाठी स्कॉटलंडला आजोबांकडे आले. एडिंबरो विद्यापीठात त्यांनी अनेक विषयांचा अभ्यास केला. परीक्षा मात्र टाळल्या आणि पदवी घेतली नाही. 1868 मध्ये वैद्यकीय पदवी नसतानाही ते व्हेलच्या शिकारीला निघालेल्या एका जहाजावर डॉक्टर म्हणून गेले व उत्तर ध्रुवाकडील समुद्र पाहून आले. ‘चॅलेंजर’ या जहाजावरील शास्त्रीय सफरीत ऐन वेळी एक जागा रिकामी झाली, तेव्हा ती या पदवीहीन विद्यार्थ्याला मिळाली.

‘चॅलेंजर’ 21 डिसेंबर 1872 रोजी पोर्ट्समथहून निघाले आणि मे 1876 मध्ये परतले. सुमारे 69 हजार सागरी मैलांच्या या प्रवासात 362 ठिकाणी समुद्राची खोली, तापमान व तळ यांची पाहणी झाली. तळाचा चिखल तपासण्याचे काम मरे यांच्याकडे आले. महासागरांच्या फार मोठ्या भागात हा चिखल वाळूच्या कणाएवढ्या चुनखडी कवचांचा असतो. ग्लोबिजेरिना हा या कवचधारी सूक्ष्म जीवांतील प्रमुख प्रकार. हे जीव तळाशीच राहतात, असे सफरीचे प्रमुख वायव्हिल टॉमसन यांच्यासह अनेकांचे मत होते. मरे यांनी ठिकठिकाणी बारीक जाळी ओढून दाखविले की, ते जीव पृष्ठभागालगत तरंगतात आणि मेल्यावर त्यांची कवचे तळाशी जातात. पुरावा पाहून टॉमसन यांनी आपले मत बदलले.

वरवर किरकोळ वाटणाऱ्या या निर्णयात पुढील शास्त्राचे बीज होते. कवच वरच्या पाण्यातून आले असेल, तर ते त्या पाण्याचीच साक्ष देणार. कोणत्या जाती उष्ण पाण्यात वाढतात व कोणत्या थंड, याची सांगड मरे यांनी तळावरील कवचांशी घातली. चार-पाच हजार मीटरांखाली चुनखडी कवचे विरघळून जातात व तेथे तांबडी माती उरते, हेही त्यांनी नोंदविले. बेल्जियन शास्त्रज्ञ रेनार यांच्यासह लिहिलेला त्यांचा सागरी निक्षेपांवरील ग्रंथ 1891 मध्ये प्रसिद्ध झाला. टॉमसन 1882 मध्ये निवर्तल्यावर सफरीच्या अहवालाची जबाबदारी मरे यांच्यावर आली. सरकारी पैसा आटला, तेव्हा त्यांनी पदरमोड केली आणि 1895 पर्यंत 50 खंड पूर्ण केले.

या सफरीच्या खर्चाशी जोडलेली एक वेगळी कथा आहे. हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटावरून आलेल्या दगडात मरे यांना फॉस्फेट आढळले. त्यांच्या आग्रहावरून ब्रिटनने 1888 मध्ये ते बेट ताब्यात घेतले. पुढे मरे यांच्या कंपनीने तेथे खाणी चालविल्या. या खाणींपासून सरकारी तिजोरीत जमा झालेली रक्कम ‘चॅलेंजर’च्या खर्चाहून अधिक आहे, असा हिशेब ते मांडीत. या हिशेबाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. पहिल्या काही वर्षांत त्या बेटावर शेकडो चिनी मजूर बेरीबेरीने मरण पावले. त्यांच्या जिवाची किंमत कोणत्याही वहीत खर्ची पडली नाही.

16 मार्च 1914 रोजी एडिंबरोजवळ मोटार उलटून मरे यांचा मृत्यू झाला. मृत्युपत्राद्वारे त्यांनी ठेवलेल्या पैशातून 1933-34 मध्ये ‘माबाहिस’ हे इजिप्तचे जहाज अरबी समुद्राच्या पाहणीस निघाले. भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याचे माजी संचालक सीमोर स्युएल हे त्या सफरीचे प्रमुख होते. अरबी समुद्राच्या उत्तर भागातील एका पर्वतरांगेला आज मरे यांचेच नाव आहे.

मरे यांच्या साधनांना तळाचा केवळ वरचा थर मिळत असे. पुढे लांब नळ्या तळात रुतवून गाळाचे उभे स्तंभ काढता येऊ लागले. 1935 मध्ये जर्मनीच्या शॉट यांनी अटलांटिकमधील अशा स्तंभांत उष्ण पाण्यातील एक जात हिमयुगाच्या थरातून नाहीशी झालेली दाखविली. 1955 मध्ये एमिलियानी यांनी कवचांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून प्राचीन तापमान काढले. अरबी समुद्रात तर सूक्ष्म कवचे मान्सूनचीच साक्ष देतात. नैर्ऋत्य वारे जोरात वाहिले की ओमान व सोमालियाच्या किनाऱ्यालगत खोलवरचे थंड, पोषक पाणी वर येते व ‘ग्लोबिजेरिना बुलॉइडिस’ ही जात विपुल वाढते. तिचे गाळातील प्रमाण म्हणजे त्या काळच्या वाऱ्यांच्या जोराचे माप. सुमारे 20 हजार वर्षांपूर्वी हे वारे क्षीण होते आणि सुमारे 9 हजार वर्षांपूर्वी आजच्यापेक्षा प्रबळ होते, असे या मापावरून दिसते. 1966 मध्ये स्थापन झालेल्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतही याच वाटेने संशोधन होत आले आहे.

हा चिखल पुढील वर्षी मंठ्यात किंवा भोकरदनला किती पाऊस पडेल हे सांगणार नाही. त्याची साक्ष वाऱ्यांच्या दीर्घकालीन जोराची आहे. परंतु मान्सूनच्या चढउतारांचा पल्ला दीडशे वर्षांच्या नोंदींत मावणारा नाही, एवढे तो निश्चित सांगतो. धरणांची क्षमता, पीकविम्याचे हप्ते आणि दुष्काळनिधी यांची गणिते त्या नोंदींपुरतीच आखली, तर तफावत अखेर कोरडवाहू शेतकऱ्यालाच भरून द्यावी लागेल. मूलभूत संशोधनावरील खर्चाची उपयुक्तता एका अर्थसंकल्पाच्या मुदतीत तपासणाऱ्यांनी मरे यांच्या चिखलाचे उदाहरण ध्यानात ठेवावे. त्यातून मान्सूनचा इतिहास वाचता येऊ लागला, तेव्हा ‘चॅलेंजर’ बंदरात परतून शंभर वर्षे उलटली होती.