न्यायमूर्ती रानडे यांचा अर्थविचार

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. शिक्षण कोल्हापूर व मुंबई येथे झाले. १८७१ साली न्यायखात्यातील जागेवर ते पुण्यास आले आणि सार्वजनिक सभेचे आधारस्तंभ बनले. समाजसुधारक म्हणून ते सर्वांस परिचित आहेत. परंतु कष्टकऱ्यांच्या संसाराशी निकट संबंध असलेला त्यांचा अर्थविचारही आपल्या ज्ञातिबांधवांनी मनन करण्याजोगा आहे.

सरकारने व्यापारउदिमात हात घालू नये, हे विलायती अर्थशास्त्र्यांचे मत त्या काळी प्रमाण मानले जाई. १८७६-७७ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला. पुढे १८७९ साली पुणे, सातारा, अहमदनगर व सोलापूर या जिल्ह्यांतील कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. कर्जखतावर अंगठा उठला म्हणजे सारे संपले असे न मानता, मुद्दल किती व व्याज किती, हे तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. या कायद्याच्या अंमलावर देखरेख करण्याचे काम रानड्यांनी कित्येक वर्षे केले. नाडलेला कुणबी व सावकार यांच्यातील करारास स्वतंत्र म्हणणे ही थट्टाच होय, असा त्यांचा निष्कर्ष होता.

१८९२ साली डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात त्यांनी हा विचार सविस्तर मांडला. इंग्लंडचे नियम सर्व देशांस व सर्व काळी लागू पडत नाहीत, हे सांगताना त्यांनी जर्मन अर्थशास्त्रज्ञ लिस्ट यांचा आधार घेतला. रेल्वे कंपन्यांना व्याजाची हमी देणाऱ्या सरकारने देशी कारखानदारीसही भांडवलाचे साहाय्य द्यावे, अशी त्यांची मागणी होती. मात्र सर्वच सरकारने करावे, असे त्यांचे मत नव्हते. सरकार जमीनदार होऊन वरचेवर सारा वाढवू लागले, तर शेतकरी जमिनीत पैसा घालणार नाही, म्हणून साऱ्याची कायम निश्चिती व्हावी, असे ते म्हणत. सरकारने आरंभी आधार द्यावा व लोकांनी स्वतःच्या पायांवर उभे राहावे, हे त्यांचे सूत्र होते.

१८९३ साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आपल्या कुंभारीत विडी कामगार भगिनींसाठी उभारलेली दहा हजार घरांची वसाहत २००६ साली पूर्ण झाली. तीत सरकारी अनुदान होते, तसाच त्या भगिनींच्या कष्टाच्या कमाईचा वाटाही होता. रानड्यांचे सूत्र याहून वेगळे नव्हते. साहाय्य अवश्य मागावे, पण स्वतःचा वाटा घालण्यास कधी चुकू नये, हा बोध तरुण पिढीने त्यांच्या चरित्रातून घ्यावा.