एका उदाहरणाची ताकद : गणिती लिओनार्ड ऑयलर

लिओनार्ड ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बासेल येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते व मुलाने तीच वाट धरावी, अशी त्यांची इच्छा होती. परंतु योहान बेर्नुली यांनी या मुलाची गणितातील गती ओळखून वडिलांचे मन वळवले. १७२७ मध्ये, विसाव्या वर्षी, ऑयलर रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत दाखल झाले.

१७२९ च्या डिसेंबरात त्यांचे स्नेही गोल्डबाख यांनी पत्रातून फर्मा या फ्रेंच गणितज्ञाच्या एका विधानाकडे त्यांचे लक्ष वेधले. दोनाच्या वर्गात एक मिळवला की ५ येतात, चाराच्या वर्गात १७, सोळाच्या वर्गात २५७ आणि २५६ च्या वर्गात ६५५३७. या सर्व मूळ संख्या आहेत. हा क्रम कितीही पुढे नेला तरी मूळ संख्याच मिळत राहतील, अशी फर्मा यांची धारणा होती. पुढची संख्या मात्र ४२९४९६७२९७ इतकी मोठी असल्याने ती तपासणे सोपे नव्हते. १७३२ मध्ये ऑयलर यांनी तिला ६४१ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार ६७००४१७ येतो, हे दाखवून दिले. या एकाच उदाहरणाने सुमारे शतकभराची धारणा संपली. अशा संख्येचा विभाजक ६४ च्या पटीत एक मिळवूनच मिळतो, हेही त्यांनी पुढे सिद्ध केले. ६४१ म्हणजे ६४ ची दहापट अधिक एक.

१७४१ ते १७६६ हा काळ त्यांनी बर्लिनमध्ये घालवला. उजव्या डोळ्याची दृष्टी पूर्वीच गेली होती. सेंट पीटर्सबर्गला परतल्यावर डावा डोळाही अधू झाला. तरीही ते तोंडी मजकूर सांगत आणि सहकारी तो लिहून घेत.

याच काळात त्यांनी स्वतःचे एक अनुमान मांडले. दोन घनांची बेरीज घन होत नाही. तीन घनांची होते. ३, ४ आणि ५ यांच्या घनांची बेरीज २१६, म्हणजेच ६ चा घन. त्यावरून चतुर्थ घातासाठी किमान चार आणि पंचम घातासाठी किमान पाच पदे लागतील, असे त्यांना वाटले.

१८ सप्टेंबर १७८३ रोजी त्यांचे निधन झाले. १९६६ मध्ये लँडर आणि पार्किन यांनी संगणकाच्या साहाय्याने २७, ८४, ११० आणि १३३ या चारच संख्यांच्या पंचम घातांची बेरीज १४४ च्या पंचम घाताइतकी असल्याचे दाखवले. फर्मा यांच्या विधानाला ऑयलर यांनी जी कसोटी लावली होती, तिच्यावर त्यांचे स्वतःचे अनुमानही उतरले नाही.