मेजर मँट आणि दोन राजवाडे

मेजर चार्ल्स मँट यांचे नाव बडोद्यात निघाले की त्यांच्या वाड्यांआधी त्यांच्या मरणाची कथा सांगितली जाते. आपले हिशेब चुकले, बांधलेले सारे कोसळणार, या धास्तीने त्यांच्या मनाचा तोल गेला आणि त्यातच १८८१ साली त्यांचा अंत झाला, अशी ती कथा. बालाघाटहून येणाऱ्या माझ्या आप्तांना लक्ष्मीविलास पाहण्यापूर्वीच ती तोंडपाठ असते! मला मात्र या कथेने त्या गृहस्थांवर अन्याय झाला असे वाटते.

मँट हे लष्करातील इंजिनिअर. कोल्हापूरचा टाऊन हॉल त्यांचाच. तेथील नव्या राजवाड्याचे काम १८७७ साली सुरू झाले आणि १८८४ साली पुरे झाले. काळ्या घडीव दगडाच्या या वास्तूवर अष्टकोनी मनोरा आहे, मनोऱ्यावर घड्याळ आहे. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवछत्रपतींच्या चरित्रातील प्रसंग आहेत. विलायती घर उचलून येथे आणून ठेवावे, असे मँट यांना कधी वाटले नाही. गुजरात-राजपुतान्यातील जैन मंदिरांचे कोरीव काम त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले होते, आणि तेच त्यांच्या कमानींत व खांबांत उतरले. त्या काळच्या किती गोऱ्या अधिकाऱ्यांविषयी असे म्हणता येईल?

बडोद्यात सयाजीराव महाराज अद्याप अल्पवयीन होते, कारभार राजा सर टी. माधवराव पाहत होते, तेव्हा लक्ष्मीविलासाचा आराखडा मँट यांनी केला. दरबारी दालने, महाराजांचा महाल आणि जनानखाना असे त्याचे तीन भाग आहेत. बाहेरून पाहणाऱ्यास ते एकाच लांब इमारतीत मिसळून गेलेले दिसतात. १८८१ च्या डिसेंबरात महाराजांच्या हाती अधिकार आले. मँट यांनी तो दिवस पाहिला नाही. अजमेरच्या मेयो कॉलेजची त्यांची इमारतही १८८५ साली, त्यांच्या पश्चात पुरी झाली.

पुढे मद्रासचे रॉबर्ट चिझम आले. बडोदा कॉलेजचा प्रचंड घुमट बांधणारे ते हेच. त्यांनी मँट यांचे काम पाडले नाही, पुढे नेले, आणि १८९० साली वाडा उभा राहिला. हिशेब खरोखर चुकले असते तर चिझम यांच्यासारखा जाणता माणूस त्याच पायावर मजले चढवता ना. फरशीला व्हेनिसची मोझेक, काचा बेल्जमच्या, मूर्ती इटालियन फेलिचीच्या, चित्रे राजा रविवर्म्याची. बाग विल्यम गोल्डरिंग यांनी आखली; पुढे १८९३ साली क्यूच्या उद्यानातून आलेल्या क्रुम्बीगेल यांनी बडोद्याच्या बागा जोपासल्या. वाड्यापुढची ती हिरवळ मँट यांच्या दृष्टीस पडली नाही.

१९६७ साली कोयनेच्या भूकंपाने कोल्हापूर हादरले, २००१ साली भूजच्या भूकंपाने बडोदे. दोन्ही वाडे उभे आहेत.