मौनाचे चित्रकार : वासुदेव गायतोंडे

आपल्या घरी चित्र म्हणजे देवादिकांची तसबीर. वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांत मात्र ना देव, ना माणूस, ना झाड. नुसता रंग आणि त्यातून झिरपणारा उजेड.

घराणे मूळचे गोव्याचे. जन्म १९२४ साली नागपूरला, बालपण गिरगावच्या चाळीत. १९४८ साली जे. जे. कलाशाळेची पदविका मिळाली. १९६४ साली शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेस गेले. १९७१ साली पद्मश्री मिळाली. पुढे दिल्लीस एकटेच राहिले.

ते रंग रोलरने पसरीत, सुरीने खरवडीत. वर्षाकाठी जेमतेम पाचसहा चित्रे! बाकी वेळ नुसते बघत बसणे. कुणाला हा आळस वाटेल. पण विरजण लावल्यावर मध्येच ढवळले तर दही लागत नाही, हे आपल्याला का सांगायला हवे?

१९८४ साली अपघात झाला, मोठी चित्रे कित्येक वर्षे थांबली. तरी छोट्या कागदांवर शाईने रेखाटणे सुटले नाही. २००१ साली ते वारले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले.

आपण बायका घटकाभर रिकाम्या बसलो की मनाला टोचते. तेवढे बसण्याचा आपल्यालाही हक्क आहे, एवढे मी त्यांच्यापासून घेतले.