पालवणकर बाळू

पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांचा एक क्रिकेट क्लब होता. तेथे एक तरुण महिना चार रुपये पगारावर नोकरी करत होता. खेळपट्टीवर रोलर फिरवणे, सरावाची जाळी बांधणे, मैदान आखणे ही त्याची कामे. त्याचे नाव बाळू पालवणकर. त्याचा जन्म १८७६ साली धारवाड येथे चांभार समाजातील एका कुटुंबात झाला होता.

साहेबांच्या सरावासाठी बाळू गोलंदाजीही करू लागला. तो डावखुरा फिरकी गोलंदाज होता. ग्रेग नावाचे नामांकित इंग्रज फलंदाज त्याच्याकडून रोज चेंडू टाकून घेत. बाळूने बाद केले, की ते त्याला आठ आणे बक्षीस देत, असे सांगतात. फलंदाजीसाठी मात्र त्याच्या हातात कोणी बॅट दिली नाही.

बाळूची कीर्ती पुण्यातील हिंदू संघापर्यंत पोहोचली. साहेबांना हरवायचे, तर असा गोलंदाज हवाच होता. पण त्याच्या जातीला त्या काळी अस्पृश्य मानत. बरीच चर्चा झाली आणि बाळूला संघात घेतले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाची वेळ झाली, की बाळूला मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे पानही वेगळे मांडत. चेंडूने विटाळ होत नव्हता, कपाने होत होता!

पुढे बाळू मुंबईला गेले. तेथे ते आणि त्यांचे भाऊ शिवराम, गणपत व विठ्ठल हिंदू संघातून खेळले. १९०६ साली या संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले. राज्यकर्त्यांचा पराभव झाला म्हणून लोकांना फार आनंद झाला. बाळू आणि शिवराम दोघेही त्या संघात होते.

१९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण एकट्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले.

एवढे असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच दिले नाही. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळण्यास नकार दिला. अखेर अंतिम सामन्यासाठी भावांना परत बोलावावे लागले आणि बाळू उपकर्णधार झाले.

१९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने स्पर्धा जिंकली. तोपर्यंत बाळूंनी खेळ सोडला होता. १९५५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.